तेरा पॅकेटं आणि पाच नोटा

आमच्या शाळेची सहल एका वर्षी वेरूळला आणि पुढच्या वर्षी असईला जायची. असईला जायला खर्च नव्हता, एवढंच त्याचं कारण. जालना जिल्ह्यातलं, भोकरदनच्या बाजूचं हे गाव केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आहे. आमचे गुरुजी नदीत पाय सोडून बसायचे आणि २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई सांगायचे. दौलतराव शिंद्यांची आणि नागपूरकर भोसल्यांची फौज पलीकडे, इंग्रज अलीकडे. वाटाडे सांगत होते, इथे उतार नाही, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा नाही. पण इंग्रजांच्या सेनापतीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळजवळ वसलेली गावं एकमेकांकडे येत-जात असणारच, म्हणजे उतार असणार, असं त्याने ताडलं. उतार होता. "दोन गावं होती म्हणून आपण हरलो," असं म्हणून गुरुजी धोतर पिळायचे.

तो सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

हे सगळं साठी उलटल्यावर आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी लेकीकडे ब्रिस्टलला तीन महिने राहिले. एका रविवारी जावई म्हणाले, "आई, चला, तुमच्या असईवाल्याचं गाव दाखवतो." तासाभराच्या अंतरावर सॉमरसेटमध्ये वेलिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. गावामागच्या डोंगराच्या कडेवर त्याच्या स्मारकाचा १७५ फुटी, तीन बाजूंचा दगडी सुळका उभा आहे. १८१७ मध्ये पायाचा दगड बसवला, काम पुरं व्हायला १८५४ उजाडलं. वर्गणी संपायची, काम थांबायचं, पुन्हा वर्गणी. अगदी आपल्याकडच्या सभामंडपासारखं. मौजेची गोष्ट अशी की या माणसाचा त्या गावाशी तसा काही संबंध नव्हता. १८०९ मध्ये किताब द्यायचा ठरला तेव्हा तो लढाईवर होता. घरी भावाने नकाशात शोधून वेलस्लीशी उच्चार जुळणारं नाव निवडलं. बस.

सुळक्यापाशी वारा असा होता की पदर सांभाळू की चष्मा, असं झालं. मी लवकरच गाडीत येऊन बसले. खाली गाव दिसत होतं, एका बाजूला मोठी, पडीक वाटणारी गिरणी. जावयांनी फोनवर काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरलं. "ही बघा तुमच्या कामाची वस्तू."

नोट होती. पाच पौंडांची, एकाच बाजूला छापलेली. पण त्यावर ना राजा, ना राणी, ना बँक ऑफ इंग्लंड. खाली लिहिलेलं होतं, फॉक्स, फाउलर आणि कंपनीकरता. या एवढ्याशा गावातल्या बँकेची स्वतःची नोट! आणि तीही काही नाना फडणवीसांच्या काळातली नव्हे. १९२१ पर्यंत ही बँक आपल्या नोटा चालवत होती. माझ्या वडिलांच्या जन्माच्या अवघी सहा वर्षं आधीपर्यंत.

मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅशच्या पिंजऱ्यात. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि मोजत सुटायचं. शंभर नोटांचं एक पॅकेट, दहा पॅकेटांचं एक बंडल. नोट खोटी असेल तर डोळ्यांआधी अंगठ्याला कळायचं. एवढ्या नोटा हातांखालून गेल्या, पण नोट कोण काढतं हा प्रश्न कधी पडला नव्हता. सरकार काढतं, दुसरं कोण काढणार? सूर्याला कोण उगवायला लावतं असं कुणी विचारतं का? त्या दिवसापासून मात्र मी या बँकेच्या मागे लागले. लेक म्हणाली, आई इथे येऊनही बँकेतच गेली.

गोष्ट लोकरीपासून सुरू होते. फॉक्स घराणं सर्ज नावाचं लोकरी कापड विणायचं. या कापडाचं मोठं गिऱ्हाईक ईस्ट इंडिया कंपनी होती, ती ते चीनला नेऊन विकायची. आता गिरणीवाल्याची अडचण बघा. माल लंडनला विकला जातो, पैसे लंडनला जमा होतात आणि मजुरी द्यायची इथे, दर आठवड्याला. टांकसाळ पुरेशी नाणी पाडत नाही. गावात दुसऱ्या कुणाला लंडनला पैसे पाठवायचे असतात, त्याला रस्त्यावरच्या लुटारूंची भीती. मग गिरणीवाला म्हणतो, तुझी रोकड मला इथे दे, मी लंडनमधल्या माझ्या पैशांवर तुला चिठ्ठी देतो. झाली पेढी! आपल्याकडे सावकारांच्या हुंड्या नेमक्या याच गरजेतून चालत. टॉमस फॉक्सने १७८७ मध्ये हेच काम रीतसर सुरू केलं. कापडाचा धंदा मुख्य, बँक त्याची पडवी.

अशा गावोगावच्या बँका तेव्हा इंग्लंडभर उगवत होत्या. १८१० पर्यंत त्यांची संख्या सातशेच्या वर गेली. सगळ्या लहान, कारण कायदाच तसा होता. नोटा काढणाऱ्या बँकेत सहांपेक्षा जास्त भागीदार चालत नसत. (त्यातून बँक ऑफ इंग्लंडला वगळलेलं होतं. कायदे करणाऱ्यांना आपलं पोर नेहमीच गुणी दिसतं.) पाण्याची गिरणी चालवणारा, बिअर गाळणारा, धान्याचा व्यापारी, कुणीही बँकर व्हायचा. नोट म्हणजे त्याने दिलेला शब्द. ही आणून दाखवशील तेव्हा पाच पौंड देईन, इथे किंवा लंडनच्या अमुक पेढीवर. खाली भागीदाराची सही. नोट परत आली आणि पैसे चुकते झाले की सहीचा तुकडा कापून टाकायचे. सही गेली की शब्द सुटला.

यात एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ती नोट घ्यायची सक्ती कुणावरच नव्हती. सोन्याचं नाणं नाकारता येत नसे, फॉक्सची नोट खुशाल नाकारता येत असे. खाटीक म्हणू शकत होता, मला नको हा कागद. म्हणजे ती नोट हातोहात फिरते आहे याचा अर्थ वाटेतल्या प्रत्येकाने तिला मनातल्या मनात एकदा होकार दिला आहे.

आमच्या जुन्या व्यापारी भाषेत या होकाराचं नाव 'पत'. आणि पत कशी घसरते ते एका शब्दावर दिसतं. हुंडीचा एक प्रकार होता शहाजोग. म्हणजे जी फक्त 'शहा'ला, बाजारात मान असलेल्या पेढीवाल्यालाच चुकती करायची ती. आज कुणाला शहाजोग म्हणून बघा! साळसूदपणाचा आव आणणाऱ्याला आपण शहाजोग म्हणतो. हा शब्द घसरला तो कितीजणांच्या ठेवी बुडल्यावर, कुणास ठाऊक.

तिकडेही बुडाल्याच. १७९७ च्या फेब्रुवारीत थोडे फ्रेंच सैनिक वेल्सच्या किनाऱ्यावर उतरले, तर लोकांनी सोन्यासाठी अशी झुंबड केली की खुद्द बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, ते १८२१ पर्यंत. १८१६ मध्ये हेन्री ऑस्टिन नावाच्या माणसाची बँक बुडाली. त्याची ऑल्टन या गावातही नोटा काढणारी भागीदारी होती. घरातल्याच एकाचे वीस हजार पौंड त्यात गेले. या हेन्रीची धाकटी बहीण म्हणजे कादंबरीकार जेन ऑस्टिन. बँक ऑफ इंग्लंडच्या आजच्या दहा पौंडी नोटेवर तिचंच चित्र आहे. भावाच्या नोटा बुडाल्या आणि बहीण नोटेवर जाऊन बसली. १८२५ च्या डिसेंबरात तर साठाहून जास्त बँका काही आठवड्यांत कोसळल्या. त्यानंतर इंग्लंडात पाच पौंडांखालच्या नोटा काढायला बंदी झाली, गरिबाच्या हातात तरी बुडीत कागद नको म्हणून.

आमच्या असईवाल्यालाही या झुंबडीचा चटका बसला. १८३२ च्या मे महिन्यात मतदानाच्या सुधारणांना विरोध करणारं सरकार तो बनवणार अशी हवा होती. विरोधकांनी लंडनभर घोषणा लावली, ड्यूकला थांबवायचं तर सोनं काढा! लोकांनी नोटा नेऊन काही दिवसांत दहा लाखांहून जास्त पौंडांचं सोनं काढलं. ड्यूकचं सरकार झालं नाही. शिंद्यांच्या तोफांनी जे साधलं नाही, ते बँकेच्या काउंटरवरच्या रांगेने साधलं. गुरुजींना हे सांगायला हवं होतं.

या सगळ्या पडझडीत फॉक्सची बँक कशी टिकली? माझ्या लेकीचं मत, लोक प्रामाणिक होते. फॉक्स घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. शपथ घ्यायची नाही, कारण शपथेशिवायही खरंच बोलायचं. शिवाय या पंथात दिवाळं काढणाऱ्याला समाजाबाहेर करत. ते असेलच. पण मला प्रामाणिकपणाचं उत्तर पुरत नाही. पिंजऱ्यात बसलेल्या कुणालाच पुरणार नाही. माणसं बदलतात, घराण्यात एखादा उडाणटप्पू निघतो, एखाद्या वर्षी लोकर कुजते. नुसत्या चांगुलपणावर बँक सव्वाशे वर्षं चालत नाही.

मला उत्तर सापडलं ते एका आकड्यात. १८४४ मध्ये इंग्लंडने कायदा केला. यापुढे नोटा काढणारी नवी बँक निघणार नाही. ज्या आहेत त्यांनी २७ एप्रिल १८४४ च्या आधीच्या बारा आठवड्यांत सरासरी जेवढ्या नोटा बाहेर ठेवल्या असतील, तेवढ्यावरच कायमचं थांबायचं. अशा खासगी बँका तेव्हा २०७ होत्या. प्रत्येकीचा आकडा ठरला, दर आठवड्याला हिशेब सरकारला कळवायचा, महिन्याची सरासरी आकड्याच्या वर गेली तर वरची रक्कम दंड म्हणून भरायची. बँक बुडाली, धंदा सोडला किंवा लंडनच्या बँकेत विलीन झाली, की तिचा हक्क संपला. वेलिंग्टन सॉमरसेट बँकेच्या, म्हणजे फॉक्सच्या, वाट्याला आकडा आला ६,५२८ पौंड.

रात्री लेकीच्या स्वयंपाकघरात बसून मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. सगळ्या नोटा पाचाच्याच धरल्या तर १,३०५ नोटा. म्हणजे तेरा पॅकेटं आणि वर पाच नोटा. मी हाताने हवेत मापून बघितलं. आमच्या नोटांची तेरा पॅकेटं माझ्या जुन्या डब्याच्या पिशवीत बसतात, वर चष्म्याचं घर ठेवायला जागा उरते. एवढाच त्या बँकेने जगाला दिलेला कागदी शब्द. बँक वाढली, आसपासच्या गावांत शाखा निघाल्या, ठेवी वाढल्या, पण नोटांचा आकडा ६,५२८. राणी व्हिक्टोरिया गेली, तिचा मुलगा गेला, पहिलं महायुद्ध झालं, त्यात याच फॉक्सच्या गिरणीने सैनिकांच्या पायांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या ढिगांनी विणल्या (इंग्रजीत त्याला 'पटी' म्हणतात, शब्द आपलाच), तरी आकडा तोच, ६,५२८.

आणि त्याच्या पाठीमागे भागीदारांची सगळी मालमत्ता. त्या काळच्या अशा भागीदारीत 'मर्यादित जबाबदारी' नावाची पळवाट नव्हती. बँक बुडाली तर गिरणी, घर, घोडागाडी, सगळं देणेकऱ्यांचं. शब्द तेरा पॅकेटांएवढा आणि तारण अख्खं घरदार!

हा हिशेब सुटल्यावर मी बराच वेळ उठले नाही. डोक्यात दुसराच कागद होता.

आमच्या गावात एक पतसंस्था होती. नाव नको. अध्यक्ष आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, वडील त्यांच्यासोबत पहाटे फिरायला जायचे. माझी स्वतःची बँक अर्ध्या किलोमीटरवर, पण तिथे व्याज कमी. वडील म्हणाले, "तुमच्या बँकेत कोण सही करतं ते तरी तुला माहीत आहे का? इथे माझ्यासमोर सही करतात." गुलाबी कागदावरची ठेव पावती, खाली अध्यक्षांची गोल, ऐसपैस सही. वडिलांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून गणपतीच्या फोटोमागे ठेवली होती. निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग त्यात होता. पुढे काय झालं ते महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या कुठल्याही माणसाला सांगायला नको. आधी "पुढच्या सोमवारी या", मग "थोडे थोडे देऊ", मग शटर. पतसंस्थेच्या ठेवींना बँकेच्या ठेवींसारखं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण नसतं, हे मला माहीत होतं. मी ते वडिलांना एकदाच सांगितलं होतं, नीट नाही सांगितलं. अध्यक्षांनी फिरायला जायचा रस्ता बदलला. घर मात्र त्यांचंच राहिलं, वर मजला चढला.

तर ओळखीच्या माणसाची सही, समोर बसून केलेली सही, हे वडिलांचं तारण होतं. फॉक्सच्या नोटा घेणाऱ्या गावकऱ्यांचंही तेच. फरक सहीत नव्हता. फॉक्सने किती सह्या करायच्या हे फॉक्सच्या हातात नव्हतं, आणि सही खोटी ठरली तर फॉक्सच्या घरावर जप्ती होती. आमच्या अध्यक्षांनी किती गुलाबी कागदांवर सही केली, हे कुणी मोजतच नव्हतं.

पुढची गोष्ट झटपट आहे. १८४४ नंतर बँका एकमेकींत विरघळत गेल्या. मोठी बँक लहानीला घ्यायची, लहानीच्या नोटांचा हक्क जायचा. २०७ च्या पन्नास झाल्या, दहा झाल्या, शेवटी इंग्लंड आणि वेल्समध्ये एकटी फॉक्स उरली. त्यात पराक्रम काही नव्हता. ती फक्त विकली गेली नव्हती. १९२१ मध्ये लॉइड्स या मोठ्या बँकेने तिला घेतलं आणि त्या दिवसापासून तिथे बँकेची नोट म्हणजे फक्त बँक ऑफ इंग्लंडची नोट. फॉक्सच्या पाच पौंडी नोटा आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यातली एक ब्रिटिश म्युझियममध्ये. उरलेल्या का नाहीत? कारण त्या परत आल्या आणि त्यांचे पैसे चुकते झाले. चांगल्या बँकेच्या नोटा दुर्मीळ असतात. बुडालेल्या बँकांच्या नोटाच लोकांच्या पेट्यांत पडून राहतात.

स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये खासगी बँका अजूनही नोटा काढतात. लेकीची मैत्रीण एडिनबराहून आली होती, तिच्याकडची स्कॉटिश नोट ब्रिस्टलच्या एका दुकानात पोरीने घेतली नाही. उलटसुलट करून बघितली, मान हलवली. मैत्रीण चिडली. मला मात्र गंमत वाटली, कारण हे मी आजीकडून ऐकलेलं होतं. आमचा भाग निजामाचा. घरात दोन पैसे होते, हाली आणि कलदार. हाली निजामाचा, कलदार इंग्रजांचा. सात हाली म्हणजे सहा कलदार. हैदराबादच्या नोटेवर किंमत मराठीतही छापलेली असे. आजोबा बाजाराला पलीकडच्या इंग्रजी मुलखात गेले की तिकडचा व्यापारी हालीकडे असंच उलटसुलट बघायचा. आजी ऐंशीव्या वर्षीही साडीची किंमत सांगितली की विचारायची, "हाली का कलदार?" आम्ही हसायचो.

परत येताना पाच पौंडांची प्लास्टिकची नोट मी आठवण म्हणून आणली. पाचशेच्या नोटेशेजारी ठेवून वाचली. आमच्या नोटेवर, 'मैं धारक को पाँच सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ', खाली गव्हर्नरांची सही. तेहतीस वर्षांत मी हे वाक्य किती वेळा बोटाखालून नेलं असेल, आणि किती वेळा वाचलं? दिलेला शब्द पुरा करायचा म्हणजे काय करायचं, हेही विचारता येत नाही. नोट घेऊन गेलं तर दुसरी नोट मिळेल. एक रुपयाच्या नोटेवर तर वचनच नाही. ती रिझर्व्ह बँकेची नव्हे, सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही. वचन नसलेली नोट मला उलट जास्त सरळ वाटते.

मुंबईहून रेल्वेने जालना, तिथून एसटी. अर्ध्या तिकिटामुळे बायकांचा हिशेब हल्ली नेहमी चिल्लरवर येऊन अडतो. कंडक्टरकडे सुटे नव्हते. त्याने माझं तिकीट उलटं केलं, खिशातलं बॉलपेन थुंकीने ओलं केल्यासारखं करून त्यावर ७ लिहिलं, भोवती गोल काढला आणि परत माझ्या हातात दिलं. ना बँकेचं नाव, ना सही, ना वचन. मी ते तिकीट इतका वेळ बघत राहिले की शेजारच्या बाईने विचारलं, "पैसे कमी दिले का हो?"

"नाही नाही," मी म्हटलं.

भोकरदनला गाडी थांबल्यावर बायाबापड्यांच्या रेट्यातून मी कंडक्टरपाशी गेले आणि तिकीट पुढे केलं. त्याने मागची बाजू बघितली, झोळीत हात घालून पाचाचं एक आणि दोनाचं एक नाणं माझ्या हातावर ठेवलं. मग तिकीट मधोमध फाडलं आणि तुकडे खिडकीतून सोडून दिले.